सूट मिळालेलं गाव
प्लमच्या केकचा वास आला की मला आजही तिचा हेवा वाटतो. ती आणि मी, आम्ही दोघंच मराठी, जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या एका छोट्या केबल टीव्ही कंपनीत. चाळीस घरांच्या एका खेड्यात, टीव्हीवर धोक्याचा इशारा दाखवणारं यंत्र ती बसवणार होती आणि बॉस उठताबसता तिचंच कौतुक करायचा. परवानग्यांचे कागद माझ्याकडे. मी गुपचूप आन्ट्राग, म्हणजे सरकारी अर्ज टाकला, गाव लहान आहे, यंत्राच्या सक्तीतून सूट द्या. सूट मिळाली, यंत्र बारगळलं. सप्टेंबरात देशभर चाचणीचे भोंगे वाजले, तेव्हा त्या गावातल्या टीव्हीवर काहीच येणार नाही म्हणून ती स्वतः दारोदार बेल वाजवत फिरली. दुपारी गावाने दिलेला प्लमचा केक घेऊन ऑफिसात आली. "घे रे, तुझ्यामुळेच मिळाला," म्हणाली. तिला सगळं माहीत होतं का, हे मी कधीच विचारलं नाही. केक मात्र फार चांगला होता, त्याचाच राग अजून जात नाही.