जयंतीचा डबा

एसटी पेठच्या थांब्यावर येऊन उभी राहिली तेव्हा आई माझ्याकडे बघत नव्हती, डब्यांकडे बघत होती. घट्ट झाकणांचे चार पत्र्याचे डबे, सुतळीनं एकमेकांना बांधलेले. सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता, लग्नाला पंधरा दिवस झाले होते, आणि मी नवऱ्याबरोबर पुण्याला आणि तिथून पुढं गोव्यात वास्कोला निघाले होते. नवरा तिथल्या गोदीत फिटर होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ते टपावर टाका." आई म्हणाली, "टपावर न्हाई. पोचा पडला की झाकण बसत न्हाई." शेवटी डबे माझ्या मांडीवर आले आणि दुसऱ्या दिवशी वास्कोला उतरेपर्यंत मांडीवरच राहिले.

प्रत्येक डब्यात तिनं मूठभर तांदूळ घातले होते. आमच्याकडे रिकामा डबा कुणाला देत नाहीत आणि आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत. गाडी हलली तशी ती खिडकीशी आली. मला वाटलं, आता रडेल. तर म्हणाली, "तळल्यालं एक दिस उघडं ठिव. पुरतं गार व्हऊ दे. वाफ कोंडली की डबा गेला." लेक एवढ्या लांब चाललीय आणि ही चिवड्याचं सांगतेय, म्हणून मला चक्क राग आला. तुमच्यापैकी ज्या गावातच राहिल्या त्यांना तो राग कळायचा नाही. ज्या माझ्यासारख्या बाहेर पडल्या त्यांना कळेल, कारण प्रत्येकीच्या आईनं खिडकीतून असलंच काहीतरी सांगितलेलं असतं.

आमचं घर आजोबांच्या वेळेपासून बौद्ध. दिवाळीचा फराळ आमच्याकडे होत नसे. आमचा फराळ चौदा एप्रिलचा, जयंतीचा. दिवाळी थंडीत येते, तेव्हा कुणाचाही चिवडा टिकतो. आमचा व्हायचा चैत्राच्या उन्हात. पातळ पोहे आई पत्र्यावर धोतर टाकून दिवसभर वाळवायची, मग मंद आचेवर भाजायची. मिरची आणि कढीपत्ता तेलात पार कडकडीत होईपर्यंत हलवायची, कारण ओल राहते ती मिरचीतच. करंजीत सुकं खोबरं किसून, भाजून. ओलं खोबरं वापरणाऱ्या बायकांविषयी ती काय बोलायची ते इथं लिहीत नाही. आणि सगळं झालं की पांढऱ्या कापडावर पसरून एक दिवस उघडं. आमच्या कोरड्या हवेत त्या एका दिवसात उरलीसुरली ओल उडून जायची आणि चिवडा आणखी कुरकुरीत व्हायचा. मग डबा लागायचा. महिन्यानं उघडला तरी आजच केल्यासारखा. वाडीत दुसऱ्या कुणाचा आठ दिवसांच्या वर टिकत नसे. आई एवढी जिवाचा आटापिटा का करते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्यातला एक डबा दरवर्षी मळ्यातल्या काकूंकडे जायचा. काकूंचं घर जुनं बागायतदार, आमच्या घराला लागूनच त्यांचा मळा. काकू बोलायला गोड. डबा हसून घ्यायच्या आणि महिन्याभरानं परत पाठवायच्या, गव्हानं भरून. दरवर्षी गहू. कोरडं धान्य. त्यांच्या चुलीवर शिजलेलं त्या डब्यातून कधी आलं नाही. मी दहाएक वर्षांची असताना एकदा ताक आणायला त्यांच्या गोठ्याकडून गेले, तर गव्हाणीत कडब्यावर करंज्या पडलेल्या. आईच्या मुरडीच्या करंज्या, मी लांबून ओळखल्या. गाय चवीनं खात होती. मी ताक न घेताच घरी आले आणि आईला सांगितलं, काकू घरात नव्हत्या. करंज्यांचं बोलले नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा डबा भरायला बसली तेव्हा मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

वास्कोला दोन खोल्या मिळाल्या, पहिल्या मजल्यावर. सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन यायचा, दुपारी मासे घेऊन नुस्तेंवाली यायची, आणि मी खिडकीत उभी राहून आपल्याकडची भाकरी आठवत बसायचे. खाली फिलोमिनाबाय राहायची, एकटी म्हातारी. समोरच्या दारात सरूवहिनी. तिचा नवराही गोदीतच होता. ती घोडेगावची, म्हणजे आमच्याच आंबेगाव तालुक्यातली, हे कळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला. मग तिचं आडनाव कळलं आणि तो आनंद निम्मा झाला. आपल्याकडे आडनावावरून पुढचं सगळं कळतं, ते काय तुम्हाला सांगायला हवं? माझं आडनाव तिनं विचारलंच नाही. मी म्हटलं, भिंतीवरची तसबीर बघितली असणार, विचारायचं राहिलंय काय!

दोन महिन्यांत एप्रिल आला. मी नवऱ्याला म्हटलं, मी फराळ करणार आणि दोन्ही घरी डबे देणार. तो म्हणाला, "कशाला ताप? आपलं आपण खाऊ." पण मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर मी त्या डब्यातून सरूवहिनीची परीक्षा घेणार होते.

सगळं आईसारखं केलं. पोहे गॅलरीत वाळवले, मिरची कडकडीत केली, सुकं खोबरं भाजलं. बारा तारखेला कापड अंथरून सगळं पसरलं आणि एक दिवस उघडं ठेवलं. तेराला डबे भरले, झाकणं दाबून लावली. वंदना होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही हाही आईचाच नियम, तोसुद्धा पाळला. चौदाला सकाळी मेणबत्ती लावली, वंदना झाली, आणि नवरा कामाला जाता जाता दोन्ही घरी डबे देऊन गेला. मग घरची कामं उरकून मी आमचा डबा उघडला.

चिवडा ओल्या कागदासारखा. दाताखाली आवाजच नाही. करंजी मोडायला गेले तर ती मोडेना, वाकली, आणि आतल्या खोबऱ्याला कुबट वास. मी आणखी एक मोडली. तोच वास. मीठ कमी, तिखट जास्त असतं तर मला काही वाटलं नसतं. पण वास? ‘त्यांच्याकडचं असंच असतं’, हे वाक्य मी गावात दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. आता ते समोरच्या दाराआड बोललं जाणार, आणि तेही खरं ठरून. आईनं आयुष्यभर ज्याला बोट ठेवायला जागा ठेवली नाही, ते मी पहिल्याच फटक्यात हातात आणून दिलं होतं.

डबे परत मागायचे की गप्प बसायचं? गप्प बसणं सोपं होतं. पण कुणी खाल्लं आणि पोट बिघडलं तर? मी चपला घातल्या.

फिलोमिनाबाय दारातच बसली होती, मांडीवर डबा, हातात करंजी, निम्मी संपलेली. मी घाईघाईनं सांगायला लागले की खाऊ नका, बिघडलंय. ती हसली. "मोव जाल्या, बाय. म्हज्या दांतांक बरें!" म्हणजे मऊ झाल्यात, तिच्या दातांना तेच बरं. तिच्या हातातली काढून घेणार कशी? डब्यातल्या उरलेल्या तेवढ्या मागून घेतल्या. बायनं दिल्या, नाराजीनं.

वर आले तर सरूवहिनीच्या दाराला बाहेरून कडी. बाजारात गेली असणार. आणि खिडकीच्या कट्ट्यावर माझा डबा. धुतलेला. पालथा घातलेला.

दोन तासांत डबा रिकामा? दोन माणसांचं घर, पोटभर खाल्लं तरी संपायचं नाही. इथं गव्हाण नव्हती, पण दाराशी कचऱ्याची बादली होती, झाकण घातलेली. लाज वाटतेय, पण लिहिते. मी इकडंतिकडं बघितलं, वाकले आणि त्या बादलीचं झाकण काढलं. कांद्याची सालं, चहाचा चोथा. मी काडीनं सालं बाजूला सारून खाली बघत होते.

"काय शोधती गं माझ्या बादलीत?"

सरूवहिनी जिन्यात उभी होती, हातात पिशवी. मी सरळ झाले. जे मनात होतं तेच बाहेर आलं. "माझा फराळ टाकला का तुमी?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग काडीकडं. तिला किती कळलं कोण जाणे, पण तिचा चेहरा पडला. तिनं कडी काढली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. गॅसच्या शेगडीवर मोठी कढई होती, तिच्यात माझा चिवडा. निम्मा भाजून झालेला, निम्मा व्हायचा.

"कडीपत्ता संपला व्हता, त्यो आणाया गेलते," ती म्हणाली. "खाऊन बघ."

मी खाल्ला. कुरकुरीत होता.

"दिसभर उघडा ठेवलास न्हवं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "आयनं सांगितलं असंल. माझ्या आयनंबी तेच सांगितलं व्हतं. पहिल्या दिवाळीला माझ्या तर शंकरपाळ्या पार चामडं झाल्या. अगं, तिकडची हवा वल वढून घेती. ही समुद्राची हवा वल देती! हितं हाताला गार लागलं की लगेच झाकण लावायचं, पंख्याखालीसुदिक ठेवायचं न्हाई. आन लई करायचंच न्हाई. आठ दिसांचं करायचं, संपलं की फिरून करायचं." तांदूळ तव्यावर कोरडे भाजून फडक्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी डब्याच्या तळाशी ठेवायची, हेही तिनंच शिकवलं. आईनं डब्यात घालून दिलेले तांदूळ मी पहिल्याच दिवशी शिजवून खाल्ले होते.

"करंज्या?" मी विचारलं.

"तीन खाल्ल्या आमी. बाकीच्या वासाला गेल्यात. त्या टाकू," ती सरळ म्हणाली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खाऊन बघून मग टाकणार होती ना.

पण डबा अजून परत यायचा होता. तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर काय उरलं? ज्यांच्या घरी दरवर्षी गहू आले त्यांनाच विचारा. दुपारभर मी दाराकडं कान लावून होते. पाच वाजता ती आली, माझा डबा घेऊन. हातात घेतला तर जड. मी तो ओट्यावर ठेवला आणि तिच्यासमोर उघडायचं टाळायला लागले.

"उघड की," ती म्हणाली. "गरम हाये, कोंडून ठिवू नको."

झाकणाला आतून वाफेचं पाणी धरलं होतं. खाली मासवड्या. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून वळलेल्या, कापलेल्या, आपल्या जुन्नर-आंबेगावात पाहुणा आला की करतात तशा. पदराखालून तिनं रश्श्याचं पातेलं काढलं. "हे टिकत न्हाई. आजच खावा," म्हणाली आणि गेली. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मनसोक्त रडले, जे पेठच्या थांब्यावर राहून गेलं होतं ते.

पेठच्या एका दुकानात फोन होता. पत्रानं वार-वेळ कळवली की आई तिथं येऊन बसायची. त्या फोनवर मी तिला सगळं सांगितलं, हवेचं, कुबट वासाचं, बादलीचंसुद्धा. गव्हाणीचं सोडून. फराळ बिघडला यावर ती अवाक्षर बोलली नाही. एवढंच विचारलं, "डब्यात काय आलं?"

"मासवडी."

"शिजवल्याली?"

"शिजवलेली. गरम."

आई "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ती वास्कोला पहिल्यांदा आली ती दोन हजार पाच साली, एप्रिलातच. आली तशी पदर खोचून फराळाला बसली. तळून झाल्यावर तिनं कापड अंथरलं आणि मी डबे पुढं ओढले. "गार तरी व्हऊ दे," ती ओरडली. "झालंय गार, इथली हवा वाईट," मी ओरडले. दोघी चिडलो. चिडण्याच्या भरात माझ्या तोंडून इतक्या वर्षांनी निघून गेलं, "कशाला एवढं जपायचं? काकूंच्या गव्हाणीत जाण्यासाठी?"

आई हातातली करंजी खाली ठेवत म्हणाली, "मला ठाव व्हतं."

"मग दरवर्षी का देत होतीस?"

"म्हनून तर म्हयनाभर टिकंल आसं करीत व्हते. आज न्हाई, उद्या न्हाई, पण कवातरी कुणीतरी त्यो उघडून खाईल, म्हनून."

तेवढ्यात सरूवहिनी आली, नेहमीसारखी दार न वाजवता. "मावशी, झाला का फराळ?" म्हणत तिनं माझ्या हातातला डबा घेतला, मी नुकतंच लावलेलं झाकण काढलं आणि उभ्या उभ्या करंजी खायला लागली. दुसरीही घेतली. आई डब्याकडं बघायचं विसरली. ती तिच्या खाणाऱ्या तोंडाकडं बघत राहिली, दोन्ही करंज्या संपेपर्यंत.

पेठला अजूनही दरवर्षी जाते. थांब्यावर उतरले की ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू? पण मळ्यावरून जाताना मान आपोआप गोठ्याकडं वळते. समोरच्या सरूवहिनीच्या बादलीकडं मी त्या दिवसानंतर कधी बघितलं नाही. तेव्हा घर कुठं असं कुणी विचारलं आणि मी वास्को म्हटलं, तर तुम्ही गावाकडच्यांनी रागावू नये.