ओहायोत आपलं कोण

आमच्या खानदानात फिरायला म्हणून कुणी कधी कुठे गेलं नव्हतं. गेले ते लग्नाला, मयताला, नाहीतर पोटामागे. नंदुरबारकडून सुरतेला आले तेही असेच. पांडेसऱ्यात एका खोलीत आम्ही आठ जण. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच्याच गोधडीत शिरायचा, ती गोधडी कधी गार झालेली मी पाहिली नाही. त्या खोलीतून मी बी.कॉम. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. माझं बघून मामेभाऊ शिकला आणि थेट अमेरिकेत, ओहायो राज्यात नोकरीला लागला. अशा घरात माझ्या मामांसारखा माणूस निघावा, की ज्याने न पाहिलेल्या ओहायोची सहल दीड वर्ष आखली, हे नवलच म्हणायचं.

मामा सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही हे ते ठरवत, आणि जगातली बाकीची प्रकरणंही तशीच जुळवायला बघत. चार वर्षं घरी न आलेल्या मुलाने फोनवर सांगितलं, की आप्पा, तुम्ही आणि आई इकडे या, दादालाही आणा. दादा म्हणजे मी. त्याने आठ दिवसांची सुट्टी साठवली होती आणि बेतही पाठवला होता: कोलंबसला त्याचं घर, सिनसिनाटीची प्राण्यांची बाग, डेटनला जुनी विमानं, आणि वर समुद्राएवढं मोठं तळं. मध्ये तीन रात्री हॉटेलात. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि हॉटेलावर अडले. म्हणाले, "ज्या गावम्हा आपलं माणूस नई, तठे मुक्काम करानं नई." आता ओहायोत आपलं माणूस आणायचं कुठून? पण मामांना ठाऊक होतं, की पलसाण्याच्या आसपास गावंच्या गावं अशी आहेत जिथे मोठमोठे बंगले बांधलेत, आत एक म्हातारं माणूस आणि मुलं अमेरिकेत मोटेल चालवतात.

मग दर रविवारी मामांची मोपेड त्या गावांकडे. ओटल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला रामराम घालायचा आणि विचारायचं, काका, तुमचा ओहायोत कोण? कुणाला वाटे विमावाला आला, कुणाला वाटे मुलगी बघायला आला. एका गावात तर त्यांना चोर समजून तासभर बसवून ठेवलं. मामा म्हणाले, चहा चांगला होता. असं करत त्यांनी सात गावांची सात घरं मिळवली. माझ्याकडून ओहायोचा नकाशा छापून घेतला आणि त्या घरच्या मुलांच्या प्रत्येक गावावर कापडाची चिंधी चिकटवली. ज्याच्या घरचा मुलगा फोनवर आपुलकीने बोलला त्याला गडद रंग, तुटक बोलला त्याला फिका. सिनसिनाटी अगदीच फिकट पिस्ता होतं. मामी म्हणायची, "तुम्हना पाय पलसाणाम्हाज झिजी गयात, अमेरिकाले काय नेशात?" मामा हसत नसत. सहल ही त्यांच्या दृष्टीने हसण्यासारखी बाब नव्हती.

सगळ्यात गडद, मरून चिंधी टोलेडोवर होती. तिथल्या मोटेलवाल्याची आई, गावात सगळे तिला बा म्हणत, बंगल्यात एकटीच राहायची आणि अकरा वर्षांत मुलाला भेटली नव्हती. बाकीच्यांनी मामांकडे लोणची, खाखरे द्यायचं कबूल केलं. या बांनी काही दिलं नाही, फक्त निरोप दिला. "भाई, एने कहेजो, बारणुं रंगाव्युं छे." दार रंगवून घेतलंय, एवढंच त्याला सांगायचं.

व्हिसाचा फॉर्म मी भरला. मामांना बजावलं होतं, की खिडकीवर कुणाकडे जाता विचारलं तर फक्त मुलाचं नाव घ्या. हो हो म्हणाले, आणि मुंबईला त्या खिडकीसमोर सात जणांची यादी काढून ठेवली. साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं, यांना कसं ओळखता? मामा म्हणाले, "त्यांना नाही ओळखत. त्यांच्या आईबापांना ओळखतो." व्हिसा नाकारून आमचे पासपोर्ट परत दिले. बाहेर आल्यावर मी चिडलो, तर मला म्हणाले, बाबा, त्यांनी भरवशाने नावं दिली होती, लपवायची कशी?

भाऊ म्हणाला, जाऊ द्या, आता मीच सुट्टीत सुरतेला येतो. मामीने त्याच दिवशी त्याच्या आवडीच्या भाकरीसाठी कळण्याचं पीठ दळून आणलं. मामा मात्र सहा घरी जाऊन सहल मोडल्याचं सांगून आले, आणि सातव्या घरी गेल्यावर बा अंथरुणाला खिळलेल्या दिसल्या. मामांनी तिथूनच टोलेडोला फोन लावला. मुलगा रडला, पण म्हणाला, कसा येऊ? बायको काउंटरवर बसली तर मुलांची शाळा, घर बघायला दुसरं माणूस नाही.

मामांनी घरी येऊन नकाशा उलगडला. कोलंबस ते टोलेडो, गाडीने अडीच तास. मग भावाला फोन केला. आप्पा काय मागताहेत हे त्याला कळायला वेळ लागला. तो म्हणाला, "आप्पा, ही सुट्टी गेली की वर्षभर नाही मिळणार."

"माहीत आहे," मामा म्हणाले. "त्याची आई वर्षभर नाही थांबणार."

मामी आठ दिवस मामांशी बोलली नाही. पिठाचा डबा तिने शेजारी देऊन टाकला. भाऊ ती सुट्टी घेऊन टोलेडोला गेला, परक्यांची मुलं शाळेत सोडत, आणत राहिला. तिथून त्याने मला एकच ओळ लिहिली, की मुलांना माझ्या हातची खिचडी आवडते.

मोटेलवाल्याला सुरत स्टेशनवरून घ्यायला मीच गेलो होतो. मामा आले नाहीत. ड्यूटी आहे म्हणाले, त्या दिवशी मिलला सुट्टी होती. वाटेत त्याने मला विचारलं, तुमचे मामा आमचे कोण लागतात? मी शिकलेला माणूस, पण मी त्याला एवढंच सांगितलं, की बांनी दार रंगवून घेतलंय. त्या वर्षी मामांचा मुलगा घरी आला नाही. बांचा आला, आणि होता तेवढे सगळे दिवस त्यांच्या उशाशी बसून राहिला.