उजव्या स्पीकरमधला बेंजो

जनूकाका आज सकाळी गेले. आणि मी चोर आहे.

हे सांगायला सहा वर्षं लावली, तेव्हा आज तरी नीट सांगतो.

आमचा अल्बम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलाय. बोईसरची चार पोरं, तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारी, आणि गाणी कसली? तर ड्रॅगन, तलवारी, बर्फाचे डोंगर. पॉवर मेटल हा रॉकचाच एक प्रकार, म्हणजे सगळं सुसाट, आणि दोन गिटारी जोडीने पळणाऱ्या.

रेकॉर्डिंगच्या तोंडावर आमचा दुसरा गिटारिस्ट नोकरीसाठी वापीला गेला.

त्याच आठवड्यात एडवणला मावसभावाच्या हळदीत जनूकाकांचा बेंजो ऐकला. बटणांवर बोटं अशी पळत होती की मी हातातला घास तोंडात घालायचा विसरलो.

स्टुडिओत काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. माझा पार्ट दोनदा ऐकला.

"येवढंच? हलदीला याच्यापेक्षा जोरात पलवतो आमी."

एका दुपारी पाच गाणी संपवली. बेंजोवर डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारचा तो खरखरीत आवाज, चढवला, तर गिटार नाही हे कोणाला कळेना. माझी गिटार डाव्या स्पीकरमध्ये ठेवली, काकांचा बेंजो उजव्या.

जाताना म्हणाले, "बाला, कव्हरवर माजं नाव येल ना? पोरीला दाखवीन."

"म्हणजे काय काका! येणारच."

नाही आलं.

प्रिंटरची चूक नव्हती. फाइल मीच पाठवली होती. 'गिटार' समोर फक्त माझं नाव. बँडमधल्यांनी विचारलं तर "जागा नव्हती" म्हणालो.

पॉवर मेटलमध्ये हळदीचा बेंजो? लोक हसतील. बस, एवढंच कारण.

लोक हसले नाहीत. "दोन्ही गिटारी तूच? डबल लीड कसली भारी वाजवलीयस!" अशा कमेंट्स गाण्यांच्या व्हिडिओखाली आल्या. प्रत्येकीखाली मी थँक्यू लिहिलं.

काकांना सीडी नेऊन दिली. पुढे कधीही भेटले की म्हणायचे, "गानी मस्त झाली." त्यांना इंग्रजी येत नाही, कळलं नसेल, असं मी स्वतःला समजावलं. सोयीचं होतं.

आज सगळं उरकल्यावर त्यांची मुलगी दीपा अंगणात भेटली.

"दादा, तुमची सीडी मीच वाचून दाखवलेली बाबांना. दोनदा शोधलं नाव."

मी खाली बघत चपलेत पाय सरकवला.

"मी तुमच्या व्हिडिओखाली लिवनार होती. बाबांनी हातातनं फोनच काढून घेतला."

"का?"

"बोलले, नको. चार लोकांत पोराला लाज वाटंल."

मला त्यांची लाज वाटत होती, आणि ते माझी झाकत बसले. सहा वर्षं.

काका, उजव्या स्पीकरमधून जे सुसाट येतं ते तुम्ही आहात. आता सगळ्यांना सांगतोय. तुम्ही ऐकायला नाही, आणि ही चूक माझीच.

माफी मागायला तोंड नाही.

एडवणचे बेंजोवादक जनार्दन तांडेल यांना, मान खाली घालून, अखेरचा नमस्कार.