आक्काच्या घराचा कौल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवाला सांगायची गरज नव्हती — तो तिथंच होता. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर तहसील कचेरीतला एक सरळमार्गी कारकून म्हणूनच ओळखत असाल. विधवा बहिणीच्या पैशाला ज्यानं हात लावला नाही, उलट तो वाढवून दिला, असा भाऊ. जालन्यात लोक माझं उदाहरण देतात.

ते खोटं नाही. म्हणूनच बोलायला इतकी वर्षं लागली असतील का? पैसे खाल्ले असते तर केव्हाच पकडलो गेलो असतो.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच मला न्हाऊमाखू घातलं. मग तिला शहागडला दिली. नवरा तापानं गेला आणि ती परत आली, तोवर मी नोकरीला लागलो होतो. माझं लग्न तिनं केलं. त्यानंतर आमचं घर तीच चालवत होती — पाणी, चूल, पोरं, पाहुणे. माझी बायको नाजूक प्रकृतीची. आक्का आहे म्हणजे सगळं आहे, असं आम्ही दोघं म्हणत असू, आणि तेवढं म्हटलं की आपलं काम झालं असं आम्हाला वाटत असे.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आक्काच्या दिरांनी तिच्या वाट्याच्या जमिनीचे पैसे दिले. त्याच सुमारास जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांमागच्या बोळात, तीन खोल्यांचं एक घर विकायला निघालं. आक्का ते पाहून आली आणि त्या दिवसापासून ती आमच्या घरात राहीनाशीच झाली. म्हणजे हात इथं भाकरी थापत, आणि ती तिथं. एक खोली तिची, दोन भाड्यानं द्यायच्या. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती भाडेकरू ठेवी आणि काढी. फार चोखंदळ होती. मास्तर नको, सारखा ओरडंल. एकटा माणूस नको, दाराला कुलूपच राहील. नवं जोडपं पाहिजे. मग त्या पोरीला दिवस जात, बाळंतपण होई, आक्का तिला शेक देई, आणि ते मूल आक्काच्या उंबऱ्यावर रांगायला लागेपर्यंत आमची भाजी करपलेली असे. मी हसायचो. खरं सांगतो, ऐकायला गोड वाटायचं. चुलीच्या त्या उजेडात मलाही ते घर दिसायचं.

इकडे स्टेशनजवळ काही व्यापारी मिळून गोदामं बांधत होते. कुणीही पैसे घालावेत, भाडं येईल त्यात ज्याचा त्याचा वाटा. मला ते पटलं होतं, अगदी मनापासून. घर म्हटलं की माळवद गळतं, भाडेकरू भाडं थकवतो, मध्येच निघून जातो आणि खोल्या ओस पडतात. गोदामात एक व्यापारी गेला तर दुसरा येतो, आणि आपल्याला दारात जाऊन भांडावं लागत नाही. हे मी आक्काला चांगलं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "बराबर हाय तुझं, बापू. पण गोदामात मला बसता येतं का?"

मी गोदामाच्या भाड्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.

आमच्या घरची एक रीत आहे. मोठं काही करायचं तर राजूरच्या गणपतीला जायचं, आणि सभामंडपातल्या खांबाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या — एक लाल जास्वंदीची, एक पांढऱ्या कण्हेरीची. लाल आधी पडली तर करायचं, पांढरी पडली तर नाही. आजोबांपासून चालत आलेलं. आक्का म्हणाली, घर घ्यावं का ते देवालाच विचारू. पण बायको बाळंत झालेली, आक्काला हलता येईना. म्हणून मी एकटा गेलो. मी येईपर्यंत ती अन्न घेणार नव्हती.

दुपारची वेळ होती. मंडपात कुणी नव्हतं. फरशी थंड, कबुतरांची घुमघुम, बाहेर नारळ फोडल्याचा वास. मी पाकळ्या लावल्या आणि खाली बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे — थोडी डुलकीही लागली असेल. त्या डुलकीत मला आमचं घर दिसलं, आक्का नसलेलं. चूल गार. पोरं रडताहेत. बायको भिंतीला टेकलेली. आणि मी घागर घेऊन उभा, आड कुठल्या बाजूला आहे तेच मला ठाऊक नाही.

डोळे उघडले तेव्हा लाल पाकळी घसरत होती. हळूहळू, जणू तिला काहीच घाई नव्हती. ती फरशीवर पडली. पांढरी वर तशीच होती.

घरी आलो. आक्का दारातच उभी होती. मी म्हणालो, "पांढरी पडली."

बस, एवढंच. दोन शब्द. गोदामासाठी नव्हे हो — गोदाम हे मी स्वतःलाही सांगितलेलं कारण होतं. ती गेली असती तर आमच्या घरात राबलं कोण असतं? फुकट राबणारं माणूस मला सोडायचं नव्हतं. हे सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

आक्का "त्याची मर्जी" म्हणाली आणि आत जाऊन पीठ मळायला लागली. दुसऱ्या दिवशी पैसे तिनं स्वतःहून माझ्या हातात दिले. गोदामं छान चालली. तिचा वाटा मी दर महिन्याला तिच्या हातावर ठेवत होतो, आणि त्यातून ती माझ्या पोरांना कपडे घेत होती.

पण चुलीपुढं तिनं पुन्हा कधी भाडेकरू ठेवले नाहीत. एकदा बायकोनं सहज विचारलं, तर म्हणाली, "आपलं घर माझ्या नशिबात न्हाई, पोरी. देवानंच न्हाई म्हटलं. काई तरी चुकलं असंल माझं मागं." आणि ती राजूरला जायची बंद झाली. मी हे ऐकलं. मी अंगात कोट अडकवला आणि कचेरीत गेलो.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. स्वयंपाकघरामागच्या खोलीत, जिथं आमची लाकडं असतात तिथंच तिचं अंथरूण. ताप चढला आणि ती बोलायला लागली. कुणाला तरी सांगत होती, सांडपाणी बोळात टाकू नका. कुणाच्या तरी पोराला उंबऱ्यावरून उचलत होती. चेहरा इतका निवांत, की मी तिला तसं फक्त त्या चुलीपुढच्या संध्याकाळी पाहिलं होतं. तिला घर मिळालं होतं.

मी जवळ गेलो. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण ओळखलं नाही. मी तिचा भाडेकरू होतो.

"भाड्याची घाई न्हाई," ती म्हणाली. "सवडीनं द्या. पण आज दार लावू नका. माझा भाऊ येणार हाय. लई दिवस झाले, आला न्हाई."

तेव्हा सांगता आलं असतं. ती ऐकत होती. मी म्हणालो, "बरं, आक्का. उघडं ठेवतो."

ती पहाटे गेली.