मधीच गाठ पडलेला हार

माझा धाकटा भाऊ भुजंग. नवीन जालन्यात स्टेशनासमोर त्याचं हारांचं दुकान. त्याच्या हातचा लग्नाचा हार न्यायला भोकरदनवरून लोक येतात. हात सोन्याचा, पण जीभ? राम राम!

त्याच्या चार वर्षांच्या प्रीतीला थॅलेसेमिया. दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. तपासणीत आधी बायकोत दोष निघाला. तर या शहाण्यानं काय करावं? "हिच्या माहेरचंच रक्त खराब," म्हणून बायकोला, सत्यशीलाला, पोरीसकट केदारखेड्याला माहेरी नेऊन घातलं. वर दुसरी सोयरीक बघून राह्यल्ता! मी नर्स. म्हणलं, "अरे, तू बी तपासून घे." तर म्हणे, "अक्का, मला काय धाड भरली?" शेवटी डॉक्टरांनीच धरून बसवलं, तवा रक्त दिलं.

रिपोर्ट आला. तोच दोष भुजंगमधी बी.

मी सरळ त्याच्या दुकानात जाऊन बसले.

"हे बघ. पेशीच्या केंद्रकात शरीराचा मूळ मजकूर असतो, डीएनए. तो बाहेर येत न्हाई. लागंल तेवढ्याची नक्कल बाहेर येती, ती आरएनए. बाहेर रायबोसोम बसलेला, तुझ्यासारखाच हारवाला. नकलेतली तीन-तीन अक्षरं वाचतो, एकेक अमिनो आम्ल ओवतो. हार पुरा झाला की ते प्रथिन. तुमच्या मजकुरात एक अक्षर चुकलंय, मधीच 'गाठ मार' आलंय. हार अर्धा, हिमोग्लोबिन अर्धवट."

"मंग मी आजारी कसा न्हाई?"

"आईबापाकडून मजकुराच्या दोन प्रती येतात. तुझी एक बराबर हाय, तिच्यावर निभतं. सत्यशीलाचं बी तसंच. प्रीतीला दोघांची चुकलेलीच आली. निम्मं तिचं, निम्मं तुझं."

त्याची सुई थांबली. तोंड पार उतरलं. "अक्का, मी समद्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरलो गं."

"फिरलास खरा. ऊठ आता."

केदारखेड्यात त्याचे सासरे कारभारीमामा पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आले. जावयाच्या पायावर पाणी घालायला वाकले अन् रडायलाच लागले. "जावाईबापू, आमच्या पोरीत खोट निघाली. पदरात घ्या."

भुजंगनं झटकन पाय मागं घेतले. "मामा, नका! निम्मी खोट माझी हाय. मी उगाच तिला बदनाम केलं." शरमेनं त्याला मान वर करता येईना. माझाच भाऊ, मला बी तिथं उभं राहवंना.

सत्यशीला प्रीतीला कडेवर घेऊन दारात उभी व्हती. ओरडली न्हाई, रडली न्हाई.

"हे माझ्या आईला सांगायचं व्हतं," ती म्हणली. "नातीला माझंच वाईट रक्त गेलं, म्हणत म्हणत मेली ती."