चोरीचं झाड

सासूबाईंचा ठाम विश्वास, की मागून आणलेलं झाड जगत नाही, चोरलेलंच जगतं. चारकोपच्या आमच्या बाल्कनीतली निम्मी झाडं याच श्रद्धेवर वाढलेली. सोसायटीत कुणाकडे सत्यनारायणाला गेल्या, की येताना प्रसादासोबत पदराआड एखादी फांदी असायचीच.

मी नर्सरीतून पैसे देऊन ब्रोमेलियाड आणलं, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. अननसाच्या कुळातलं आहे म्हटल्यावर काही महिने फळाची वाट पाहिली. आलं ते नुसतं लालभडक फूल. "फळ नाय, वास नाय, आणि पाणी तोंडान पिता," त्या म्हणाल्या. तरी पानांच्या मधल्या वाटीतलं शिळं पाणी डासांच्या भीतीने ओतून ताजं घालायच्या त्याच.

हे झाड एकदा फुललं की हळूहळू वाळतं आणि बुंध्याशी पिल्लू देतं. आमच्याला एकच आलं. ते वेगळं करण्याएवढं झालं आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंचं मुलुंडला, धाकट्या दिराकडे कायमचं जायचं ठरलं. मला वाईट वाटत होतं. इतकं मनसोक्त भांडायला घरात दुसरं होतं कोण? पिल्लू त्यांनी न्यावं असं फार वाटत होतं. पण मी दिलं तर ते मेलंच म्हणायचं, आणि मागतील तर त्या सासूबाई कसल्या.

म्हणून निघायच्या दिवशी मी सुरी कुंडीजवळ 'विसरले' आणि "आई, कोथिंबीर आणते हं," म्हणून खाली उतरले. फ्रिजमध्ये दोन जुड्या होत्या. गेटपाशी चांगला अर्धा तास रेंगाळले.

वर आले तर त्या हात धुऊन, पिशवी मांडीवर घेऊन साळसूदपणे बसल्या होत्या. त्यांची रिक्षा गेल्यावर मी बाल्कनीत धावले. कुंडीत पिल्लू ताठ उभं होतं, नवी माती लावलेलं. वाळकं झाड तेवढं गायब होतं.

मी लगेच फोन केला.

"पोर तुका ठेवलंय," त्या म्हणाल्या. "म्हातारी मी नेलंय."

त्या दिवशी मी पोटभर रडले. कोथिंबीर मात्र आठवडाभर पुरली.

परवा त्यांचा फोन आला. म्हातारीला मुलुंडला आणखी एक पिल्लू झालंय. "रविवारी ये गो. येताना पिशवी हाड. मी दुपारची झोपतंय."

जन्मात कधी दुपारी झोपलेल्या नाहीत त्या.