युनाचा दगड

ऑसबर्ट मॅक्वीन बावीस वर्षं जहाजावरून उतरलेल्या पाहुण्यांना ग्रेनाडा दाखवतो आहे, आणि बावीस वर्षं तेच चार विनोद सांगतो आहे. आमच्या बेटावर तीनच ऋतू, ऊन, पाऊस आणि जहाज, हा पहिला. बाकीचे तीन याहून काही बरे नाहीत. तरी लोक हसतात, कारण सुट्टीवर आलेला माणूस हसायचं ठरवूनच बसमध्ये चढतो. विनोद बदलायच्या भानगडीत ऑसबर्ट कधी पडला नाही. त्याची बायको युना म्हणायची, "नवीन विनोद करू नकोस, तुला जमत नाहीत." तिचं ऐकायची त्याला सवय होती.

युना जाऊन तीन वर्षं झाली. तिला पुरलं दुसऱ्याच दिवशी, पण तिच्या थडग्यावरचा दगड अजून ऑसबर्टच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता, पांढऱ्या चादरीखाली. ऑसबर्ट मूळचा करियाकूचा, शेजारच्या धाकट्या बेटावरचा, आणि तिकडची रीतच तशी आहे. दगड घडवून घ्यायचा, नाव कोरायचं, आणि पोटची पोरं गोळा होईपर्यंत घरात ठेवायचा. त्यांनी आपल्या हातानं दगडावर आधी पाणी आणि मग रम ओतली की तो बसवायचा, आणि गावाला जेवायला घालायचं. तोवर गेलेलं माणूस पुरतं गेलेलं नसतं, उंबऱ्यावर अडकून राहिल्यासारखं असतं. राजधानीतले शेजारी हसतात, म्हणतात, करियाकूवाल्यांना मेलेल्याला दोनदा पुरल्याशिवाय चैन पडत नाही. हसोत. ऑसबर्ट रोज सकाळी दगडाभोवती झाडायचा, चादरीवरची धूळ झटकायचा आणि कामाला निघताना "येतो गं" म्हणायचा. उत्तर येत नाही हे त्याला कळत होतं. पण रिकाम्या घराला सांगून निघण्यापेक्षा ते बरं होतं.

पोटचं पोर एकच, रोशेल. ती इंग्लंडात हडर्सफील्डला, इस्पितळात एक्स-रे काढते. आई गेली तेव्हा तिचा धाकटा सहा दिवसांचा होता, त्यामुळे तिनं अंत्यविधी फोनवर पाहिला. फोन धरला होता शेजारच्या मिस एल्डिकानं, आणि मिस एल्डिकाला फोन कसा धरतात हे अजूनही ठाऊक नाही. रोशेलला आईची पेटी थोडी दिसली आणि मिस एल्डिकाचे बूट बराच वेळ दिसले.

आणि मग फेब्रुवारीत तिचा निरोप आला. डॅडी, आम्ही चौघं जहाजाच्या सहलीला निघालोय, बुधवारी तुमच्याकडे थांबणार, सकाळी आठ ते पाच. "तुमच्याकडे" हा शब्द ऑसबर्टनं दोनदा वाचला. खाली लिहिलं होतं की जहाजाचीच सहल घेतली आहे, धबधबा, मसाल्याचा मळा आणि समुद्रकिनारा. ती कल्पना जावयाची, गॅरेथची. जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपापलं फिरायला गेलात तर नाही. ऑसबर्टला यावर बोलायला तोंडच नव्हतं, कारण धक्क्यावर गिऱ्हाइकांना हीच भीती घालून तो बावीस वर्षं पोट भरत होता.

तो गाड्या वाटून देणाऱ्या ग्लेंडाकडे गेला. "मला बुधवारी सात नंबरची गाडी दे."

"का? सातात कोण येतंय, राणी?"

"माझी मुलगी."

ग्लेंडानं कागदावरचं नाव खोडलं आणि त्याचं लिहिलं. एरवी ती असल्या गोष्टीसाठी अर्धा तास घोळ घालते.

त्यानं सगळं नीट जुळवलं. ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना दोन तास मोकळे असतात. तिथून बंदरावरच्या टेकडीवरची दफनभूमी वीस मिनिटांवर. रविवारी एकदा आणि सोमवारी एकदा त्यानं गाडी नेऊन पाहिली, दोन्ही वेळा वीसच. युनाचा भाऊ कॉस्मस चार माणसं घेऊन सकाळीच दगड वर नेणार होता. मिस एल्डिकाचा स्वयंपाक आदल्या दिवसापासून चालू होता, बोकड, भात, वाटाणे आणि मक्याच्या पिठाचं घट्ट घोटलेलं कूकू. रोशेलनं फक्त यायचं, पाणी ओतायचं, रम ओतायची. दीड तासात सगळं आटोपून ती परत वाळूवर.

एकच गोष्ट त्यानं केली नव्हती. रोशेलला काही सांगितलं नव्हतं. फोनवर विचारलं तर नाही म्हणायला तिला वेळ मिळेल, समोर उभं राहून विचारलं तर ती नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत बाप असे हिशेब मांडतात तेव्हा ते हमखास चुकतात, पण त्याला सांगायला आता घरात कोणी नव्हतं.

बुधवारी धक्क्यावर त्यानं तिला लांबूनच ओळखलं. अंगानं भरली होती, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डोक्यावर जहाजाची टोपी. तिनं त्याला मिठी मारली आणि मग त्याच्या छातीवरचा बिल्ला पाहिला.

"डॅडी, तुम्हीच आमचे ड्रायव्हर?"

"दुसरा कोणी दिला असता तर तक्रार केली असतीस ना?"

ती हसली. नऊ वर्षांची टिआना लाजत जवळ आली. धाकटा केलेब आजोबांकडे जायला तयार नव्हता, त्याला टोपीवाला म्हातारा पसंत पडला नाही. गॅरेथनं जोरात हात मिळवला आणि म्हणाला, "बरं झालं, म्हणजे आज आपण वेळेत पोचणार."

बसमध्ये एकवीस जण. रोशेल तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली. ऑसबर्टनं माइक हातात घेतला आणि ऊन, पाऊस, जहाज सुरू केलं. लोक हसले. आरशात त्यानं पाहिलं, रोशेलचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, शब्द न शब्द. पुढच्या विनोदाला त्याचा आवाज जरा खरखरला.

टेकडी चढताना प्रत्येक ओळखीच्या दारापुढं त्यानं भोंगा वाजवला, बेटावर वाजवतातच, आणि दारादारांतून हात हलले. पाहुण्यांना याची फार मौज वाटते. मग हिरव्या पत्र्याचं, कडेला जायफळाचं झाड असलेलं त्याचं स्वतःचं घर आलं. त्यानं गाडी अगदी हळू केली. काय बोलावं ते सुचेना, आणि काही न बोलता पुढं जाववेना.

"उजवीकडे पाहा," तो माइकवर म्हणाला. "अस्सल ग्रेनाडातलं घर. या घरातली बाई दिवसाला दोन पोती जायफळं निवडायची आणि नवऱ्याच्या चुकाही."

लोक हसले. सात-आठ जणांनी फोटो काढले. पुढच्या बाकावरच्या जर्मन बाईंनी विचारलं, आत कोणी राहतं का. ऑसबर्ट म्हणाला, हो, एक म्हातारा राहतो. रोशेलनं चष्मा काढला नाही आणि फोटोही काढला नाही. घर मागं पडेपर्यंत ती मान वळवून बघत राहिली.

धबधब्याला गेले, मळ्याला गेले. मळ्यात टिआनानं जायफळावरचं लाल जाळं, जायपत्री, बोटांनी सोलून पाहिलं आणि विचारलं, "आजी हेच करायची?" ऑसबर्ट हो म्हणाला. आणखी खूप सांगायचं होतं, पण गॅरेथ घड्याळ पाहत होता आणि जर्मन बाईंना स्वच्छतागृह हवं होतं.

दोन वाजता ग्रँड आन्सला पोचले. सगळे पाण्याकडे धावले. रोशेल बदामाच्या झाडाखाली टॉवेल अंथरत होती, तिच्यासमोर जाऊन ऑसबर्ट उभा राहिला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"पोरी, चल. वर कॉस्मस मामा थांबलाय, मिस एल्डिका थांबलीय. आईचा दगड आज बसवायचाय. चारच्या आत तुला इथं आणून सोडतो."

ती टॉवेलच्या घड्या सारखी करत राहिली. "आज?"

"मग कधी? तू आज आलीस."

"तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाहीत, डॅडी."

"सांगितलं असतं तर?"

"तर मी आलेच नसते." ती पटकन म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "म्हणजे या बंदरावर उतरले नसते. जहाजावरच बसले असते."

पाण्यात केलेब बापाच्या खांद्यावर बसून किंचाळत होता.

"सकाळी घरावरून गेलो," ती म्हणाली, "तर मला वाटलं आई आता दारात येईल, हात पुसत. मला अजून असंच वाटतं, डॅडी. तिकडे लांब राहिलं की तेवढं एक बरं असतं, ती इथं आहे असं म्हणता येतं. तुम्ही मला तिच्यावर दगड ठेवायला सांगताय."

"सगळीच पोरं ठेवतात. मी माझ्या आईवर ठेवला."

"तुमच्यासोबत तुमची सहा भावंडं होती. मी एकटी. आणि तिथं एकदा रडायला लागले की मला जहाजावर चढवणार कोण? तुम्ही?"

याला त्याच्याजवळ उत्तर होतं. नको चढूस, असं ते उत्तर होतं. ते त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, आणि ते तिच्या नवऱ्यासमोर, पोरांसमोर बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. त्याला तिचा रागही आला. तीन वर्षं त्या चादरीशेजारी जेवायला बसतो तो कोण, हे तिनं एकदा तरी विचारायला हवं होतं. रागही त्यानं गिळला.

"बरं," तो म्हणाला. "दगड काय, कुठं पळून जात नाही."

"रागावलात?"

"नाही. नारळाचं पाणी आणतो, पोरांना दे."

दोन तास तो बसजवळ बसून होता. वर टेकडीवर फोन करून सांगायला हवं होतं, पण त्यानं केला नाही. कदाचित ती उठून येईल, अजून दीड तास आहे, अजून एक आहे, असं करत पावणेचार वाजले. तेव्हाही त्याला वाटत होतं की आपण गाडी जरा जोरात हाकली तर जमेल.

धक्क्यावर एकेक जण उतरताना दाराशी ठेवलेल्या डब्यात बक्षिशी टाकत होता. रांगेत गॅरेथ आला, त्यानं सवयीनं नोट टाकली आणि मग त्याच्या लक्षात आलं. नोट परत काढणंही वाईट दिसलं असतं. तो लाल झाला आणि केलेबला घेऊन पटकन पुढं गेला. टिआनानं आजोबांच्या गालाचा मुका घेतला. रोशेल शेवटी उतरली.

"पुढच्या वर्षी येते, डॅडी. विमानानं. नीट दोन आठवडे काढून येते."

"ये."

"मामाला काय सांगाल?"

"ते मी बघतो. तू जा, रांग वाढतेय."

तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, अगदी युना करायची तशी, आणि गेली.

ऑसबर्ट टेकडीवर पोचला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. कॉस्मस आणि त्याची माणसं बिनदगडाच्या थडग्याशेजारी उकिडवी बसली होती. सिमेंटचा ढीग कोरडाच होता. दगडावरची चादर चार गोट्यांनी दाबून ठेवलेली, बाजूला पाण्याचा तांब्या आणि रमची न फोडलेली बाटली. गावातली तीसेक माणसं दुपारपासून रविवारच्या कपड्यांत घामानं भिजली होती. जेवणाला कोणी हात लावलेला नव्हता.

मिस एल्डिकानं बसच्या दाराकडे पाहिलं. आतून आणखी कोणी उतरलं नाही.

"पोरगी कुठंय, ऑसबर्ट?"

"जहाज लवकर गेलं," ऑसबर्ट म्हणाला. "इंजिनात काहीतरी बिघाड. दोन वाजताच सगळ्यांना परत बोलावलं. फार रडली बिचारी. यायचं म्हणून नवा पांढरा... पांढरा झगा घेऊन आली होती."

झग्यापाशी त्याची जीभ अडखळली, तेवढं सोडलं तर खोटं त्यानं झकास सांगितलं होतं. फक्त तिथून बंदर हातावर ठेवल्यासारखं दिसतं. खाली बारा मजली पांढरं जहाज धक्क्याला लागून उभं होतं, वरच्या मजल्यावरचा निळा पोहण्याचा तलावसुद्धा दिसत होता आणि त्यात माणसं होती. तीस जणांनी ते पाहिलं. ऑसबर्टनं आपल्या बुटांकडे पाहिलं.

कॉस्मस उठला, गुडघ्यांवरची माती झटकली. "हो," तो म्हणाला. "आम्हाला दिसलं जाताना. दोनच्याच सुमाराला." मग आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "चला रे, दगड उचला. घरी न्यायचाय."

"पण जेवून घ्या आधी," मिस एल्डिका म्हणाली. "बोकड उद्यापर्यंत टिकायचा नाही." तिनं लांब बाकाचं एक टोक धरलं, दुसरं एका बाईला धरायला लावलं, आणि बाक उलटा फिरवून डोंगराकडे तोंड करून ठेवला. "इथं बस, ऑसबर्ट. तिकडून ऊन डोळ्यांवर येतं."

तो बसला. तिनं त्याच्या हातात भरलेलं ताट दिलं. बाकीचे बाकही एकेक करून फिरले, आणि सगळा गाव समुद्राकडे पाठ करून जेवू लागला. थोड्या वेळानं खालून जहाजाचा भोंगा वाजला, तीन वेळा, लांबलचक. एकानंही मान वळवली नाही. मिस एल्डिकानं ऑसबर्टला आणखी भात वाढला.